रेडिओलॉजी मिळेलही, पण त्याआधीचं एक वर्ष कुठे काढायचं? (ट्रान्झिशनल इयरचा अर्ज)

धनश्री_कोलंबस | २४ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी एमबीबीएस, २०१९ची, पश्चिम महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजची. बॉण्डचं वर्ष ग्रामीण रुग्णालयात काढलं, मग लग्न, मग ओहायो. मुलगा चार वर्षांचा, पुढच्या ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाईल. अमेरिकेतल्या लायसन्सच्या परीक्षांपैकी स्टेप १ पास, स्टेप २ सीके २५१, आणि ओईटी (इंग्रजीची परीक्षा) झालंय. दोन ऑब्झर्व्हरशिप आणि एका रेडिओलॉजी विभागात वर्षभर बिनपगारी रिसर्च केलाय. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर असल्याने माझ्याकडे एच-४ ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना आहे.

या सीझनला डायग्नॉस्टिक रेडिओलॉजीच्या रेसिडेन्सीला (म्हणजे इथल्या पीजीला) अर्ज करतेय. आता गोंधळ असा, की रेडिओलॉजीच्या बहुतेक जागा 'अ‍ॅडव्हान्स्ड' आहेत. मार्चमध्ये मॅच (उमेदवार आणि जागा यांची संगणकाने लावलेली जुळणी) झालं तरी रेडिओलॉजी सुरू होणार त्यापुढच्या वर्षीच्या जुलैत. मधलं इंटर्न वर्ष वेगळं शोधायचं, वेगळा अर्ज करायचा. त्यात ट्रान्झिशनल, प्रिलिम (एका वर्षापुरतं) मेडिसिन आणि प्रिलिम सर्जरी असे तीन प्रकार.

नवरा म्हणतो, एकच वर्ष तर आहे, जवळपास मिळेल तिथे कर. पोळीभाजी केंद्र असल्यासारखं! तर ट्रान्झिशनलला (टीवाय) किती ठिकाणी अर्ज करावा? पर्सनल स्टेटमेंट वेगळं लागतं का? प्रिलिम मेडिसिनपेक्षा टीवायच बरं, असं सगळे का म्हणतात?

ऐरोलीचा_आनंद | २४ ऑगस्ट

गेल्याच जूनमध्ये टीवाय संपवलं, आता अ‍ॅनेस्थेशियात आहे. ताजं ताजं सांगतो.

प्रिलिम मेडिसिन म्हणजे इंटरनल मेडिसिनवाल्यांचं पहिलं वर्ष जसंच्या तसं. वॉर्ड, आयसीयू, नाइट फ्लोट, पुन्हा वॉर्ड. टीवायमध्ये वॉर्ड, इमर्जन्सी, ओपीडी हे सगळं करावंच लागतं, पण इलेक्टिव्हला जास्त जागा असते. मी दोन महिने अ‍ॅनेस्थेशियात आणि एक कार्डिओलॉजीत काढला. आठवड्याला ८० तासांची मर्यादा दोन्हीकडे सारखीच, पण टीवायमध्ये तिच्या जवळ जाणारे महिने कमी.

म्हणून टीवाय म्हणजे आराम असं समजू नकोस. जुलैतली माझी तिसरी रात्र. पहाटे तीनला नर्सचा फोन, पोटॅशियम ६.४. मी कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिन असं भराभर बोलायला लागलो. ती शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, ईसीजी आधी काढू का? आणि सॅम्पल हिमोलाइझ झालंय (रक्तपेशी फुटल्यात) असं लॅब म्हणतेय, परत पाठवू?" परत पाठवलं तर ४.१ आलं. त्या बाईंना मी दिवाळीत चकल्या नेऊन दिल्या.

आता मुद्द्याचं. आराम थोडा जास्त असल्यामुळेच टीवायवर उड्या पडतात. डर्मॅटोलॉजी, रेडिओलॉजी, रेडिएशन ऑन्कॉलॉजी, यांचे टॉपर सगळे तिथे, आणि बहुतेक इथल्याच कॉलेजांतले. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांसाठी टीवाय कधीकधी खुद्द रेडिओलॉजीपेक्षा अवघड जातं. टीवाय आणि प्रिलिम मेडिसिन, दोन्हीकडे भरपूर अर्ज कर.

फुकटचा_सल्लागार | २५ ऑगस्ट

एवढा खटाटोप करण्यापेक्षा भारतात येऊन नीट पीजी द्या की. इकडे एमडी रेडिओलॉजी तीन वर्षांत. तिकडे एक अधिक चार, वर फेलोशिप. हिशेब कळत नाही का?

सुमेधा_पी | २५ ऑगस्ट

सल्लागार, नवरा आणि चार वर्षांचं पोर ओहायोत ठेवून बाईंनी नीट पीजी द्यायला यायचं, हा हिशेब तुमच्याच वहीत ठेवा. धनश्री, तू इकडे लक्ष देऊ नकोस.

मी प्रिलिम मेडिसिन करून पीएम अँड आर (फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन) केलं. वर्ष कठीण गेलं, पण पेशंट बिघडतोय हे दारातूनच ओळखायला तिथे शिकले. प्रिलिम मेडिसिनचे अर्ज इंटरनल मेडिसिनच्याच यादीत असतात. एका प्रोग्रॅमचे कॅटेगॉरिकल (पूर्ण रेसिडेन्सीचा) आणि प्रिलिम असे दोन्ही ट्रॅक टिक केले तरी पैसे एकदाच लागतात. काही मेडिसिन प्रोग्रॅम विभागप्रमुखाचं पत्र मागतात, ते वेबसाइटवर आधी बघून घे.

डॉ_रेवती_मिशिगन | २६ ऑगस्ट

मी रेडिओलॉजिस्ट आहे, आमच्याकडचे रेसिडेन्सीचे अर्ज काही वर्षं वाचलेत. तीन गोष्टी सांगते, जरा लांबणार.

पत्रं. एका प्रोग्रॅमला चारच पत्रं जोडता येतात. रेडिओलॉजीला तीन रेडिओलॉजीची चालतील, पण टीवायला किमान एक तरी पत्र ज्याने तुला पेशंटजवळ उभं राहून पाहिलंय त्याचं हवं. टीवायच्या डायरेक्टरला तू एमआरआय किती छान वाचशील याच्याशी काही देणंघेणं नाही. रात्री दोनला फोन केला तर उठशील का, आणि वर्षभर कुरकुर न करता काम करशील का, एवढंच तो बघतो.

पर्सनल स्टेटमेंट. वेगळंच लागतं. ईआरएएसमध्ये (आपण अर्ज भरतो ती ऑनलाइन यंत्रणा) प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं जोडता येतं. टीवायच्या स्टेटमेंटमध्ये रेडिओलॉजीला जाणार आहे हे पहिल्याच परिच्छेदात उघड लिही. लपवण्यासारखं त्यात काही नाही, टीवाय असतंच त्यासाठी. मेडिसिनवर खोटं प्रेम दाखवणारी स्टेटमेंटं आम्हाला वासावरून ओळखू येतात.

ईएडी. काही प्रोग्रॅमच्या वेबसाइटवर 'फक्त जे-१' लिहिलेलं असतं, पण ते व्हिसा स्पॉन्सर करण्याबद्दल असतं. तुला स्पॉन्सरशिप नकोच आहे. कोऑर्डिनेटरला दोन ओळींचा ईमेल कर, बरेच जण हो म्हणतात. अर्जात 'स्पॉन्सरशिपची गरज नाही' हे ठळक दिसू दे.

आणि हो, तू ज्या हॉस्पिटलांत रेडिओलॉजीला अर्ज करशील तिथेच टीवाय किंवा प्रिलिम आहे का बघ. काही ठिकाणी रेडिओलॉजीचा इंटरव्ह्यू आला की त्यांच्या इंटर्न वर्षाचाही सोबत येतो. सगळीकडे येत नाही. विचारायला लाजू नकोस.

धनश्री_कोलंबस | ३१ ऑगस्ट

रेवतीताई, सुमेधा, आनंद, खूप आभार. गणपतीच्या गडबडीत उत्तर द्यायला उशीर झाला.

टीवायच्या स्टेटमेंटची सुरुवात अशी केलीय, आशयच मराठीत देते: "मी आठ वर्षांची असताना आजोबांना पक्षाघात झाला. सीटी स्कॅनच्या काळ्यापांढऱ्या चित्रात डॉक्टरांनी जे पाहिलं, ते पाहण्याची ओढ मला त्या दिवसापासून लागली…"

मनापासून सांगा.

ऐरोलीचा_आनंद | ३१ ऑगस्ट

मनापासून: आजोबांना विश्रांती द्या. प्रत्येकाचे आजोबा त्या सीटी मशीनमध्ये जाऊन आलेत.

डॉ_रेवती_मिशिगन | १ सप्टेंबर

आनंदने जरा उद्धटपणे सांगितलं, पण खरं आहे. धनश्री, तू ग्रामीण रुग्णालयात वर्ष काढलंस ना? तिथे रात्री तू एकटी असायचीस का?

धनश्री_कोलंबस | १ सप्टेंबर

हो. रात्री मी, एक सिस्टर आणि एक वॉर्डबॉय. एक्स-रे टेक्निशियन पाचला घरी जायचा. एकदा ट्रॅक्टर उलटून एक पोरगा आला, श्वास घ्यायला त्रास, एका बाजूला हवाच शिरत नव्हती. एक्स-रे निघणारच नव्हता. स्टेथो आणि बोटं, एवढ्यावर ठरवलं आणि सुई घातली. फस्स आवाज आला आणि सिस्टर म्हणाल्या, "सुटला बाई." मग १०८ने जिल्ह्याला पाठवला.

डॉ_रेवती_मिशिगन | १ सप्टेंबर

हे लिही. अगदी असंच. एक्स-रे नसताना तू काय केलंस, आणि नंतर तो एक्स-रे वाचणारी माणूस व्हावंसं का वाटलं. अर्धं पान पुरे. तुझं टीवायचं स्टेटमेंट तयार आहे, तू उगाच आजोबांना उठवत होतीस.

सुमेधा_पी | १ सप्टेंबर

"सुटला बाई" वाचून काटा आला.

धनश्री_कोलंबस | २३ सप्टेंबर

उद्यापासून प्रोग्रॅम अर्ज उघडणार. माझा हिशेब, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून:

रेडिओलॉजी ६२. पहिले ३० प्रत्येकी ११ डॉलर, पुढचे ३२ प्रत्येकी ३० डॉलर, म्हणजे १,२९० डॉलर. टीवाय वेगळी स्पेशालिटी धरतात, तिथे मोजणी पुन्हा शून्यापासून. बरोबर ३० वर थांबले, ३३० डॉलर. प्रिलिम मेडिसिन २२, त्याचे २४२. एकूण १,८६२, आणि यात परीक्षांची फी नाही. नवऱ्याने आकडा बघून फक्त "बरं" म्हटलं. हे "बरं" मी ओळखते.

रेडिओलॉजीचे गोल्ड आणि सिल्व्हर सिग्नल (हा प्रोग्रॅम मला खास हवाय, हे कळवायच्या मोजक्या खुणा) रेवतीताईंनी सांगितल्याप्रमाणे जिथे रिसर्च केला तिथे आणि ओहायोच्या आसपास वापरले.

अवांतर: एमएसपीई (डीनकडून लागणारं कामगिरीचं पत्र) मिळवायला कॉलेजला सात फोन. क्लार्कसाहेब विचारतात, "हे एमएसपीई म्हणजे बोनाफाइड का?" शेवटी नमुना मीच टाइप करून पाठवला, डीनसरांनी सही केली.

हिशेबनीस | २३ सप्टेंबर

बघतोय, वाचतोय. टीवायचे ३० मधले किती ओहायो, इंडियाना, मिशिगनमध्ये?

धनश्री_कोलंबस | २४ सप्टेंबर

२१. मुलाची शाळा आहे ना.

हिशेबनीस | २४ सप्टेंबर

हं.

धनश्री_कोलंबस | २ नोव्हेंबर

रेडिओलॉजीचे पाच इंटरव्ह्यू आले! टीवायचा मात्र एकच, प्रिलिम मेडिसिनचे दोन. सगळे झूमवर. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच पहिला होता. वरून ब्लेझर, खालून पैठणी. उठायची वेळ आली नाही म्हणून निभावलं.

एक काळजी, ईएडीचं रिन्युअल. पूर्वी अर्ज केला की जुन्या कार्डाला आपोआप मुदतवाढ मिळायची, ती ३० ऑक्टोबर २०२५पासूनच्या नव्या अर्जांना बंद झालीय म्हणे.

सुमेधा_पी | २ नोव्हेंबर

खरंय. कार्ड संपायच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो, त्याच दिवशी टाक. जुलैला कामावर हजर व्हायचं आणि हातात कार्ड नाही, हे नको व्हायला.

धनश्री_कोलंबस | १९ फेब्रुवारी

रँक लिस्ट (मॅचसाठी जागांची आवडीच्या क्रमाने यादी) लावतेय आणि डोकं बधिर झालंय. मुख्य यादीत पाच रेडिओलॉजी. पहिल्या तीन आमच्या भागातल्या, चौथी इलिनॉय, पाचवी टेक्सास. शेवटचा झूमवाला टीवाय खूप आवडला. तो मुख्य यादीत टाकू का?

हिशेबनीस | १९ फेब्रुवारी

अजिबात नको! नीट ऐका.

मुख्य यादीत टीवाय वर टाकला आणि तो लागला, तर यंत्र तिथेच थांबतं. खालची रेडिओलॉजी बघतसुद्धा नाही. मग एक वर्षाची इंटर्नशिप हातात आणि पुढे काही नाही. तेवढ्यावर बाहेरच्या पदवीधरांना बहुतेक राज्यांत पूर्ण लायसन्सही मिळत नाही.

टीवाय आणि प्रिलिम जातात पुरवणी यादीत. प्रत्येक अ‍ॅडव्हान्स्ड जागेला एक पुरवणी यादी जोडायची. यंत्र आधी रेडिओलॉजी ठरवतं, आणि ज्या जागेवर तुम्ही लागलात तिला जोडलेली पुरवणी यादी मग उघडतं. एकच यादी पाचही जागांना जोडता येते. पाचही जागांना जोडा. टेक्सासलाही.

रेडिओलॉजीचा क्रम खऱ्या आवडीनेच लावा, कुठे लागण्याची शक्यता जास्त याचा विचार करू नका. मॅच १९५२पासून चालू आहे, पण १९९८पासूनचा अल्गोरिदम उमेदवाराच्या बाजूने चालतो. तो बसवणाऱ्या अ‍ॅल्विन रॉथना २०१२ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, विवाह जुळवण्याच्याच गणितावर. आपल्याकडच्या वधूवरसूचक मंडळांना कुणी दिलं नाही.

धनश्री_कोलंबस | २० फेब्रुवारी

बाप रे, वाचवलंत. टीवाय मुख्य यादीतून काढला. पुरवणी यादी पहिल्या चारांना जोडली. टेक्सासची अजून रिकामीच ठेवलीय. तिथे लागले तर इंटर्न वर्ष ओहायोत आणि मग सगळं गुंडाळून टेक्सास, हे घरात कुणालाच पटत नाहीये. आणि तसंही पाचव्या नंबरवर कुठे लागणार!

हिशेबनीस | २० फेब्रुवारी

रिकामी ठेवू नका. पटत नसेल तर टेक्सासच यादीतून काढा. ठेवायची असेल तर पुरवणी जोडा. अधलंमधलं नको.

ऐरोलीचा_आनंद | २१ फेब्रुवारी

हिशेबनीसना अनुमोदन. जोड गं.

धनश्री_कोलंबस | १६ मार्च, सोमवार

सकाळी दहाला ईमेल आला. जसाच्या तसा अर्थ: अ‍ॅडव्हान्स्ड जागा मिळाली, पहिल्या वर्षाची जागा मिळाली नाही.

रडू की नाचू कळत नाहीये. रेडिओलॉजी लागली. कुठे, ते शुक्रवारपर्यंत सांगणार नाहीत. आणि इंटर्न वर्षासाठी आता सोप, म्हणजे मॅचमध्ये रिकाम्या राहिलेल्या जागांची फेरी.

डॉ_रेवती_मिशिगन | १६ मार्च

आधी अभिनंदन! तू रेडिओलॉजिस्ट होणार आहेस, हे आज रात्री घरच्यांना सांग. आता कामाला लाग. सोपमध्ये जास्तीत जास्त ४५ अर्ज. पैकी प्रिलिम सर्जरी भरपूर शिल्लक असतात, नाक मुरडू नकोस. रेडिओलॉजीला इंटर्न वर्ष सर्जरीतलंही चालतं. आणि एक महत्त्वाचं, स्वतःहून कुठल्याही प्रोग्रॅमला फोन-ईमेल करायचा नाही, ओळखीतूनही नाही. नियमभंग होतो. ते बोलावतील तेव्हाच बोलायचं.

सुमेधा_पी | १६ मार्च

धनश्री, टेक्सासला पुरवणी जोडलीस ना शेवटी?

धनश्री_कोलंबस | १६ मार्च

नाही.

हिशेबनीस | १६ मार्च

मग बहुधा टेक्सासच असणार. खात्रीने नाही सांगता येत, जोडलेल्या यादीतले तिन्ही हुकले असंही असू शकतं. आता ते सोडा. ४५ पूर्ण भरा, आणि या वेळी नकाशा बघू नका.

धनश्री_कोलंबस | १९ मार्च, गुढीपाडवा

सोपच्या ऑफर आजच, चार फेऱ्या, प्रत्येकीला दोन तास. बाल्कनीत पडद्याच्या रॉडला गुढी बांधली. कडुलिंब नाही, म्हणून मुलाने अंगणातल्या मेपलची फांदी आणली, तिला अजून पानंच नाहीत. साखरेची गाठी इंडियन स्टोअरची.

पहिल्या फेरीत, सकाळी नऊला, स्क्रीन कोरी. नवरा दुकानातून श्रीखंड घेऊन आला, ते डब्यातच राहिलं. दुपारच्या दुसऱ्या फेरीत एक ऑफर. प्रिलिम सर्जरी, डेटनच्या बाजूला, आमच्या घरापासून सव्वा तास. दोन तास होते, मी दोन मिनिटंही घेतली नाहीत.

ऐरोलीचा_आनंद | १९ मार्च

येस्स!! पाडवा पावला. सर्जरीचं वर्ष म्हणजे पहाटे साडेचारला राउंडची तयारी. आतापासून चांगले बूट घे, त्यात कंजुषी करू नकोस. आणि खिशात खायला काहीतरी ठेव, ओटीत किती वेळ उभं राहावं लागेल याचा भरवसा नसतो.

डॉ_रेवती_मिशिगन | १९ मार्च

शाब्बास. श्रीखंड खा आता.

धनश्री_कोलंबस | २० मार्च

टेक्सासच. हिशेबनीस, तुम्ही जिंकलात.

नवऱ्याच्या मॅनेजरने रिमोटला तोंडी हो म्हटलंय, ते पुढच्या वर्षीचं. आत्ताचा प्रश्न वेगळाच आहे. जुलैपासून रोज सव्वा तास जाऊन पहाटे साडेचारला पोहोचणं मला झेपणार नाही. डेटनकडे एक खोली घेऊन आठवड्यातले चार दिवस तिथे, बाकी घरी, असा विचार आहे. मुलाच्या किंडरगार्टनचं नाव मात्र कोलंबसलाच घातलंय. त्या बाजूला कुणी मराठी आहे का? हॉस्पिटलजवळ सुरक्षित, स्वस्त खोली, आणि जमलं तर रात्री अकराला परत आल्यावर वरणभात गरम करता येईल असं स्वयंपाकघर, एवढंच हवंय.

हिशेबनीस | २० मार्च

जिंकलो कसला, हरलो असतो तर बरं झालं असतं. मी डेटनपासून वीस मिनिटांवर राहतो. घराचं तळघर रिकामं आहे, दार वेगळं आहे. सौ.ना विचारून उद्या व्यक्तिगत निरोप करतो. कुकर आहे.

फुकटचा_सल्लागार | २१ मार्च

अभिनंदन हो मॅडम. बूट आनंदने सांगितलेलेच घ्या, माझा पुतण्या सर्जरीत आहे, तोही तेच म्हणतो.